कळलावीचा कंद यंदा फुटलाच नाही, मदत हवी आहे

मंडळी, वेंगुर्ल्याला मामांच्या कुंपणाच्या झुडपांत कळलावी आपसूक वाढते. तिथला कंद इकडे बेळगावात गच्चीवर कुंडीत लावलाय. गेल्या पावसाळ्यात वेल कमरेएवढी झाली, पानांच्या टोकांनी तारेला धरून चढलीही, पण कळी नाही. दिवाळीनंतर सुकली, तेव्हा पाणी बंद केलं. यंदा आषाढ आला तरी कोंब नाही.

आमच्याकडची काळी चिकट माती नको म्हणून खानापूरची तांबडी माती, जाड वाळू आणि थोडं शेणखत घेतलंय. पाणी साचत नाही. ऊन सकाळचंच, दुपारी टाकीची सावली. वरची माती सारून पाहिली: कंद टणक आहे, कुजलेला नाही, पण एका फाट्याचं टोक मोडलंय. डोळा टोकालाच असतो ना! दुसरं टोक मात्र शाबूत दिसतं.

बिया सुचवू नका, फुलाला वर्षं लागतात. खाली जमिनीतही लावणार नाही. सगळं झाड विषारी, कंद तर फारच, आणि परड्यात शेळ्या असतात.

तर हा कंद आता उकरून शाबूत टोक सांभाळत आडवा लावू, की यंदा तसाच झोपू देऊ? आणि फुलायला दुपारचं ऊन लागतंच का?