भौतिकशास्त्रानंतर दृष्टिसंवेदनाचे संशोधन: ही वाट कशी आहे?

प्रश्न (विद्यार्थिनी, अमळनेर)

नमस्कार. मी भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. वडील जिनिंगमध्ये कापसाची प्रत पाहतात. दिवसा पांढराशुभ्र दिसणारा कापूस रात्री बल्बखाली पिवळसर का वाटतो, याचा शोध घेताना मी मनोभौतिकीपर्यंत, म्हणजे प्रकाशासारखे उद्दीपन आणि त्याची माणसाला होणारी संवेदना यांचे नाते मोजणाऱ्या शास्त्रापर्यंत, पोहोचले. माणसाचे उत्तर दर वेळी बदलत असेल, तर त्यावर शास्त्र उभे कसे राहते? आणि मानसशास्त्राची पदवी नसताना या क्षेत्रात आयुष्यभराचे काम करता येते का?

उत्तर १ (निवृत्त प्राध्यापक, धुळे)

या शाखेचा पाया घालणारे गुस्ताव फेख्नर हे लाइपझिगला भौतिकशास्त्राचेच प्राध्यापक होते. डोळ्यांच्या आजारामुळे त्यांना ते पद सोडावे लागले आणि पुढे 1860 साली त्यांनी संवेदनेच्या मोजमापावरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. परंतु आपण उत्तरांच्या अस्थिरतेबद्दल विचारता, म्हणून 1942 सालचा एक प्रयोग सांगतो.

कोलंबिया विद्यापीठात सेलिग हेख्त यांनी श्लेअर व पिरेन यांच्यासह माणसाला दिसू शकणारा किमान प्रकाश मोजला. अंधाराला डोळे सरावल्यावर 510 नॅनोमीटरचा, सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका झोत दृष्टीच्या मध्यापासून 20 अंश बाजूला पाडला जाई आणि निरीक्षक केवळ ‘दिसले’ किंवा ‘नाही’ एवढेच सांगे. डोळ्याच्या पृष्ठभागावर 54 ते 148 फोटॉन (प्रकाशाचे कण) पोहोचले की 60 टक्के वेळा झोत दिसे. वाटेतली घट वजा जाता दंडपेशींत (डोळ्याच्या आतल्या पडद्यावरील, मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशींत) शोषले जाणारे फोटॉन जेमतेम 5 ते 14 उरतात. ते सुमारे 500 दंडपेशींवर विखुरतात, त्यामुळे एकाच पेशीत दोन पडण्याचा संभव फार थोडा. म्हणजे एका दंडपेशीला उद्दीपित व्हायला एक फोटॉन पुरतो.

माझ्या मते याहून मोलाचा भाग पुढे आहे. तोच झोत एकदा दिसतो आणि एकदा दिसत नाही, याचे खापर आपण माणसावर फोडतो; पण इतक्या क्षीण प्रकाशात फोटॉनांची संख्याच दर झोताला बदलते. उत्तरांच्या आलेखाचा चढ पॉयसाँ वितरणाशी (अशा यादृच्छिक मोजणीतले चढउतार सांगणाऱ्या गणिती सूत्राशी) जुळवला, तेव्हा झोत दिसायला किती फोटॉन शोषले जावे लागतात याचे तीन निरीक्षकांसाठी (हे निरीक्षक म्हणजे ते तिघे संशोधकच होते) 5, 6 आणि 7 हे आकडे निघाले. उत्तरांतील चंचलता बरीचशी प्रकाशाची होती. मला या शास्त्रावर विश्वास बसला तो इथे.

उत्तर २ (नेत्रतपासनीस, भुसावळ)

सरांच्या उत्तरात एक भर आवश्यक वाटते. माणूस किती सहजपणे ‘दिसले’ म्हणतो, हेही उत्तरात मिसळलेले असते. 1954 साली मिशिगन विद्यापीठातील टॅनर व स्वेट्स यांनी रडारच्या कामातून आलेला संकेत-शोधाचा सिद्धान्त दृष्टीला लावला. मधूनमधून काहीही न दाखवता विचारायचे आणि तेव्हा मिळालेल्या चुकीच्या होकारांवरून डोळ्याची क्षमता व माणसाचा सावधपणा वेगळा काढायचा. आमच्याकडे खेड्यातून आलेले अनेक रुग्ण चुकण्याच्या संकोचाने ‘नाही दिसत’ म्हणतात, म्हणून अंदाजाने का होईना, अक्षर सांगा, असा आग्रह मी धरते. मोतीबिंदू सुरू झालेल्यांसाठी 1988 चा पेली-रॉबसन तक्ता फार उपयोगी आहे: त्यात अक्षरांचा आकार तोच राहतो, ठळकपणा मात्र कमी होत जातो.

उत्तर ३ (संशोधक विद्यार्थी, मूळचा शहाद्याचा, सध्या बंगळुरूला)

ताई, मानसशास्त्राची पदवी नसली तरी अडत नाही. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील दृष्टिसंशोधक पवन सिन्हा यांचे पहिले शिक्षण दिल्लीच्या आयआयटीत संगणकशास्त्राचे. त्यांनी 2005 मध्ये प्रकल्प प्रकाश सुरू केला, जन्मांध मुलांवर भारतात शस्त्रक्रिया करवल्या आणि हाताने ओळखलेली वस्तू नव्याने आलेल्या दृष्टीने ओळखता येते का, हा आयरिश विचारवंत विल्यम मॉलिनो यांनी 1688 मध्ये विचारलेला प्रश्न त्या मुलांसोबत तपासला. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेले उत्तर असे, की लगेच ओळखता येत नाही, पण ती क्षमता थोड्याच काळात येते.

आपल्या देशात अलाहाबाद व हैदराबाद विद्यापीठांत आणि गांधीनगरच्या आयआयटीत बोधन विज्ञानाचे (मन व मेंदू कसे जाणतात याच्या शास्त्राचे) शिक्षण मिळते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतही दृष्टीवर संशोधन चालते. नोकऱ्या मोजक्या आहेत, हे आधीच लक्षात घ्यावे. कापसाचा आपला प्रश्न रंगस्थैर्याचा, म्हणजे प्रकाश बदलला तरी वस्तूचा रंग तोच वाटण्याचा, आहे: साध्या बल्बच्या प्रकाशात निळा भाग कमी असतो, डोळा ती तूट बरीच भरून काढतो, पण पूर्ण नाही, किती, हे मोजणे हाच आपला पहिला प्रकल्प होऊ शकतो.

तोवर संख्याशास्त्र आणि पायथन शिकावे. असे प्रयोग संगणकावर घेण्याचे सायकोपाय हे साधन मोफत आहे, पण संगणकाच्या पडद्याची तेजस्विता दिलेल्या आकड्याच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. ती प्रकाशमापकाने मोजून दुरुस्त केल्याशिवाय मिळालेला उंबरठा (जेमतेम जाणवणारी किमान पातळी) विश्वासार्ह नसतो आणि या कामात आपल्या भौतिकशास्त्राचा उपयोग पहिल्याच दिवसापासून होईल.