योआना येन्जेयचिक 'तोंडाची वाफ' होती? मग पाच वेळा पट्टा कोणी राखला?

उत्तररात्र (धागाकर्ती)

दोन दिवसांपूर्वी पोलंडच्या एमएमए (ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणारा लढतींचा खेळ) खेळाडूंवर गप्पा चालल्या होत्या. तिथे भीमथडी यांनी लिहिलं, "योआना म्हणजे तोंडाची वाफ. सोप्या पोरी हरवून पट्टा सांभाळला. रोझ नामायुनास समोर आली आणि तीन मिनिटांत खेळ खलास. पोलंडचा खरा चॅम्पियन एकच, यान ब्लाहोविच." वाचल्यापासून डोकं तडकलंय. तिथे दोन ओळींत भागणार नव्हतं, म्हणून हा धागा.

सोप्या पोरी कोणत्या, ते नावानिशी बघूच. मार्च २०१५ मध्ये डॅलसला तिने यूएफसी या एमएमएच्या मोठ्या संघटनेचा चॅम्पियनचा पट्टा घेतला तो कार्ला एस्पार्झाकडून. एस्पार्झा हाडाची कुस्तीगीर, त्या ५२ किलोच्या गटाची पहिली चॅम्पियन. ती सारखी पट काढायला शिरत होती आणि योआना पाय मागे टाकून तिला झटकत होती, झटकताना एक ठोसा ठेवून देत होती. दुसऱ्या राउंडमध्ये पंचाने लढत थांबवली. यूएफसीचा पट्टा पोलंडमध्ये पहिल्यांदा आला तो असा, एका बाईच्या कमरेला बांधून.

मग बर्लिनला जेसिका पेने, मेलबर्नला व्हॅलरी लेतूर्नो, लास वेगासला क्लॉडिया गडेल्हा, न्यूयॉर्कला तिच्याच देशाची कारोलिना कोवाल्किएविच, आणि मे २०१७ मध्ये पुन्हा डॅलसला जेसिका आंद्राडे. आंद्राडेच्या लढतीत तिन्ही पंचांनी पाचही राउंड योआनाला दिले.

आता ऐका. याच आंद्राडेने २०१९ मध्ये रिओत रोझला उचलून डोक्यावर आपटलं आणि पट्टा घेतला. याच एस्पार्झाने २०२२ मध्ये रोझकडूनच पट्टा परत मिळवला. तुमच्या 'सोप्या पोरीं'नी तुमच्याच रोझला दोनदा पट्टा सोडायला लावला. यावर काय म्हणणं आहे?

आणि पहिल्या रोझ लढतीआधी वजन उतरवताना तिची काय अवस्था झाली होती, ते तिने नंतर स्वतः सांगितलंय. रिंगणात उतरलेली ती रोजची योआना नव्हतीच.

भीमथडी

म्हणणं सरळ आहे. आंद्राडेला रोझने २०२० मध्ये परत हरवलं, ते तुम्ही सोयीस्कर गाळलंत. आणि योआनाला रोझने एकदा नाही, दोनदा हरवलं. नोव्हेंबर २०१७ ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ठोसे खाऊन योआनाने हार मानत हात आपटले. एप्रिल २०१८ ला ब्रुकलिनमध्ये पूर्ण पाच राउंड झाले आणि तिन्ही पंच रोझच्या बाजूने. दुसऱ्या वेळी कुठलं वजन आडवं आलं?

त्या नोव्हेंबरपासून निवृत्तीपर्यंत सात लढती, त्यांत पाच हार. हा हिशेब कोणीही करून बघावा.

यानचं बघा. यूएफसीत पहिल्या सहापैकी चार लढती हरला. क्राकूवला घरच्या लोकांसमोर हरला. लोकांनी मोडीत काढला होता. सदतिसाव्या वर्षी अबू धाबीत डॉमिनिक रेयेसला झोपवून पट्टा घेतला आणि पुढच्याच लढतीत तोवर अपराजित असलेल्या अडेसान्याला परत पाठवलं. यानने कधी कोणाच्या तोंडाला तोंड दिलं नाही. चॅम्पियन असा असतो.

व्रोत्सवाफची_वारी

नाव ब्लाहोविच नाही, ब्वाहोविच. पोलिशमधल्या त्या काट मारलेल्या एलचा उच्चार 'व' होतो. सहा वर्षं इथे पोलंडमध्ये राहते, रोज दुरुस्त करून घेतेय.

माझ्या ऑफिसात यानबद्दल आदर आहे, पण योआनाबद्दल जीव आहे, विशेषतः बायकांना. माझी एक सहकारी ओल्श्तिनची, योआनाच्या गावची. ती सांगते, शाळेत असताना मुलींनी किकबॉक्सिंगला जायचं म्हणजे घरी आधी भांडण. योआना जिंकल्यावर तिच्या भाचीला आजीनेच क्लासला नेऊन घातलं. तुमच्या सात लढतींच्या हिशेबात हे कुठे बसतं?

भीमथडी

उच्चाराबद्दल आभार. भाचीचं कौतुक आहे, पण त्याने रोझचे ठोसे चुकत नाहीत.

लालमाती_८२

उत्तररात्र ताई, तुमचं बाकी सगळं पटलं, ते वजनाचं पटलं नाही. ५२ किलोचा गट तिनेच निवडला ना? त्याच गटात पाच वेळा पट्टा राखला तेव्हा वजन चालत होतं. हरली की वजन आठवलं. आमच्या वस्तादांसमोर कोणी वजनाचं नाव काढलं असतं तर आधी शंभर बैठका आणि मग बोल म्हणाले असते. वजनात बसणं हाही खेळाचाच भाग. जमत नसेल तर वरच्या गटात जा.

उत्तररात्र (धागाकर्ती)

गेली की वरच्या गटात. डिसेंबर २०१८, टोरोंटो, समोर व्हॅलेंटिना शेव्हचेन्को. ही बाई तिला मुय थायमध्ये (थायलंडचं किकबॉक्सिंग) आधीच तीनदा हरवून बसलेली, अंगाने मोठी. तरीही गेली आणि पाच राउंड उभी राहिली. 'वरच्या गटात जा' म्हणणं सोपं आहे.

चौथा_मजला

लालमाती दादा, 'खेळाचाच भाग' हे वाक्य मी फार ऐकलंय, म्हणून लिहिते.

माझा धाकटा भाऊ कुस्ती करायचा. निवड चाचणीला ५७ किलोत बसवायचं ठरलं, अंगावर होते ६२. पाच दिवस. शेवटचे दोन दिवस पाणी बंद. दुपारच्या उन्हात दोन स्वेटर, वर प्लास्टिकचा कोट घालून पळवला, मग बंद खोलीत घोंगडं पांघरून बसवला, समोर उकळत्या पाण्याची बादली. लिंबाची फोड चोखून डब्यात थुंकायचं, तेवढेच ग्रॅम कमी. रात्री मी डबा घेऊन गेले तेव्हा त्याला थुंकीच येत नव्हती. ओठ फुटून पांढरे. मला म्हणाला, ताई, फक्त चूळ भरू दे, गिळणार नाही. मी दिली नाही. वस्तादांनी बजावलं होतं म्हणून मी दिली नाही.

सकाळी काट्यावर बसला वजनात. दुपारी पहिल्याच कुस्तीत त्याच्या पायात गोळे आले आणि माझ्या डोळ्यांदेखत चितपट झाला, समोरच्या पोराला तो एरवी दोन मिनिटांत पाडायचा. त्यानंतर तीन दिवस सलाइनवर. तो परत मातीत उतरला नाही.

त्यामुळे योआना म्हणते वजनाने घात केला तेव्हा माझा लगेच विश्वास बसतो.

लालमाती_८२

भावाचं वाईट वाटलं, मनापासून. पण तो दोष त्या वस्तादाचा. पाच दिवसांत पाच किलो कोणी उतरवायला सांगतं का? आमच्याकडे महिनाभर आधी खुराक बदलायचे. तुम्ही एका वाईट माणसावरून अख्ख्या तालमीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करताय.

चौथा_मजला

मी तालमीला नाही, त्या काट्याला उभं करतेय. विनेश फोगाटचा वस्ताद वाईट होता का? ऑगस्ट २०२४, पॅरिस. आदल्या दिवशी युई सुसाकीला हरवून फायनलला गेली, रात्रभर घाम काढला, केस कापले, आणि सकाळी १०० ग्रॅम जास्त भरली. फायनल गेली, रौप्यही गेलं. जगातली उत्तम माणसं हाताशी असून हे होतं.

लालमाती_८२

विनेश ५३ किलोची खेळाडू. ५० मध्ये उतरावं लागलं त्याची कारणं वेगळी, त्यावर मी बोलायला लागलो तर रात्र पुरणार नाही. पण नियम तो नियम. शंभर ग्रॅम सोडले तर उद्या दोनशे सोडा म्हणतील. काटा सगळ्यांना सारखा.

रिंगसाइड_रवी

दोघांच्या भांडणात एक गोष्ट राहतेय. कुस्तीत वजन त्याच सकाळी होतं, एमएमएत आदल्या दिवशी. म्हणून एमएमएवाले जास्त उतरवतात, मधल्या तासांत पाणी भरून घेऊ म्हणून. डिसेंबर २०१५ मध्ये वन चॅम्पियनशिप या एमएमए संघटनेच्या मनिलातल्या कार्यक्रमाआधी यांग ज्येनबिंग हा २१ वर्षांचा चिनी पोरगा वजन उतरवताना गेला. त्यानंतर त्यांनी नियमच बदलला. आता तिथे वजनासोबत लघवी तपासतात, शरीर सुकलेलं निघालं तर लढता येत नाही. तेव्हा 'काटा सगळ्यांना सारखा' म्हणून हात झटकता येत नाहीत. काटा बदलता येतो.

लालमाती_८२

लघवी तपासायची कल्पना चांगली आहे, एवढं मान्य करतो. जिल्हा पातळीवर कोण तपासणार ते सांगा. तिथे काटाच धड नसतो.

चौथा_मजला

ते खरं आहे. त्या दिवशीही दोन काटे दोन वजनं दाखवत होते.

भीमथडी

धागा योआनाचा होता. कुस्तीवर वेगळा काढा.

आणि मुद्द्यावर यायचं तर तिच्या तोंडाचं काय? रोझच्या नाकाला हात भिडवून तिला घाबरवायला गेली. त्याहून वाईट, जानेवारी २०२० मध्ये चीनमध्ये माणसं मरत होती आणि हिने चिनी चॅम्पियन झांग वेईलीशेजारी स्वतःचा गॅस मास्क घातलेला फोटो टाकला. माझी बहीण नर्स आहे. पुढे वर्षभर तो मास्क तोंडावर बांधून ती बारा-बारा तास उभी होती, गालांवर वळ उठलेले मी पाहिलेत. तो फोटो मी विसरू शकत नाही.

उत्तररात्र (धागाकर्ती)

तो फोटो वाईटच होता. तिने माफी मागितली, पण वाईटच होता. त्याची बाजू मी घेणार नाही, तुमच्या बहिणीपुढे तर नाहीच.

पण मग त्याच झांगसमोरची लढत बघा ना. ७ मार्च २०२०, लास वेगास. आपल्याकडे रविवारची सकाळ, महिला दिन. मी पोहे गॅसवर ठेवून बघायला बसले आणि पोहे करपले. पाच राउंड, एकही निवांत मिनिट नाही. कपाळ सुजायला लागलं ते शेवटी डोक्याचा आकारच बदलला. दोन्ही डोळ्यांच्या वर नुसता टेंगळाचा डोंगर, आणि ही बाई तरी पुढेच सरकतेय, डावा, उजवा, खाली पिंढरीवर लाथ. आईने स्वयंपाकघरातून येऊन विचारलं, ही हरतेय का? मला सांगता येईना. तीनपैकी एका पंचाने तिला जिंकवलं, दोघांनी झांगला. तिची सगळी बडबड खरी होती की नाही, ते तिने त्या पंचवीस मिनिटांत दाखवलं. तोंडाची वाफ अशी असते का?

आणि गडेल्हाची २०१६ ची लढत. पहिले दोन राउंड गडेल्हा तिला खाली पाडून दाबत होती. तिसऱ्यापासून योआनाने तिचा दम काढला आणि उरलेले तिन्ही राउंड घेतले. तुमचा यान मला आवडतो. पण त्याने पट्टा घेतला तो आधीचा चॅम्पियन जोन्सने सोडून दिलेला, आणि राखला एकदा. हिने पाचदा. हाही हिशेबच आहे.

व्रोत्सवाफची_वारी

सिंगापूरची शेवटची लढत आम्ही ऑफिसातल्या चौघी एकत्र बसून बघितली. जून २०२२, इथे पहाटे. झांगने गिरकी घेऊन मुठीची मागची बाजू मारली आणि योआना तोंडावर पडली. मग तिने हातमोजे काढले, खाली ठेवले, आता आई व्हायचंय म्हणाली. ओल्श्तिनची सहकारी उठून खिडकीपाशी गेली, बराच वेळ वळलीच नाही.

२०२४ मध्ये तिचं नाव हॉल ऑफ फेममध्ये गेलं त्या दिवशी तिनेच सगळ्यांना डोनट आणले.

रिंगसाइड_रवी

रोझच्या पहिल्या लढतीत योआना जिंकली असती तर यूएफसीची माजी चॅम्पियन रॉन्डा राउझीने सहा वेळा पट्टा राखला होता, त्याच्याशी बरोबरी झाली असती. एक लढत इकडची तिकडे झाली असती तर हा धागाच निघाला नसता.

भीमथडी

'असती' वर पट्टा मिळत नाही.

काल रात्री झांगची पहिली लढत पुन्हा बघितली, पूर्ण. 'सोप्या पोरी' हा शब्द मागे घेतो, एस्पार्झा आणि आंद्राडेचं तुमचं बरोबर आहे. रोझसमोर ती दोनदा हरली, त्यावर मी ठाम आहे, आणि यान मला वरच वाटतो. तिसरा राउंड मात्र योआनाचा होता. तो झांगला कसा देतात, मला कळलं नाही.

उत्तररात्र (धागाकर्ती)

तिसरा सोडा, पाचवा परत बघा.