मुलाला पळवून नेल्याची आईने सांगितलेली हकिकत गल्लीला खोटी वाटते. शिक्षिकेने काय करावे?

प्रश्न : वर्गशिक्षिका, पूर्व भाग, सोलापूर

मी सोलापूरच्या पूर्व भागातील एका प्राथमिक शाळेत शिकवते. माझ्या वर्गातील सात वर्षांच्या एका मुलाला पंधरा दिवसांपूर्वी संध्याकाळी एक अनोळखी माणूस ‘तुला पप्पांनी बोलावलंय’ असे सांगून मोटारसायकलवरून घेऊन गेला, आणि सुमारे तीन तासांनी ते मूल एस. टी. स्थानकाबाहेर रडत उभे असलेले एका रिक्षाचालकाला दिसले. गुन्हा नोंदवला गेला आहे आणि तपास चालू आहे. मूल सुखरूप परत आले म्हणून पहिले दोन दिवस गल्लीने देवाचे आभार मानले. तिसऱ्या दिवसापासून मात्र वारे फिरले, आणि आता जो तो म्हणतो की हे सगळे आईबापांनीच रचले आहे.

लोकांकडे कारणे आहेत. वडील यंत्रमागावर कामाला आहेत, आणि बचत गटाच्या कर्जाचे हप्ते थकलेले आहेत. त्यामुळे ‘चार लोकांनी मदत करावी म्हणून केलेले नाटक’ असा तर्क निघाला. आई घरी विड्या वळते. मूल सापडले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसली होती, पोलीस प्रश्न विचारत असतानाही तिचे हात थांबले नाहीत आणि डोळ्यांत पाणी नव्हते, हे ज्यांनी पाहिले ते ती गोष्ट दहा जणांना सांगत फिरत आहेत. शिवाय तीच मोटारसायकल ‘परवा’ही गल्लीत दिसली होती असे ती आधी म्हणाली, आणि पुन्हा विचारल्यावर चार-पाच दिवसांपूर्वी दिसली होती असे म्हणाली.

परिसरातील व्हॉट्सॲप गटांवर मुलाचा फोटो फिरतो आहे आणि त्याखाली आईविषयी नाही नाही ते लिहिले जात आहे. काही पालकांनी मला गाठून सांगितले की मूल तुमच्याशी मोकळेपणाने बोलते, तेव्हा खरे काय ते तुम्हीच काढून घ्या. माझे मन मानत नाही, पण माझा विरोध कशाच्या आधारावर आहे हे मला नीट मांडता येत नाही. आईच्या सांगण्यावर शंका घेणे मुळातच चूक आहे का? आणि मी त्या मुलाला विचारावे का?

उत्तर १ : अशोक चौकातील एक वाचक

ताई, आमच्या घरी तेलुगू बोलतात, म्हणून फक्त ‘परवा’बद्दल लिहितो. ती बाई तेलुगू भाषक असेल तर तिच्या मनात ‘मोन्ना’ हा शब्द असणार. त्याचा नेमका अर्थ परवाचा दिवस हाच आहे, पण बोलताना आम्ही मागच्या आठ दिवसांतील कोणत्याही दिवसाला ‘मोन्ना’ म्हणतो. मराठी माणूस तरी वेगळे काय करतो? ‘परवाच तर भेटलो होतो’ असे म्हणणाऱ्याला कोणी कॅलेंडर दाखवत नाही.

विड्यांचे म्हणाल, तर माझ्या आईने आयुष्यभर विड्या वळल्या. भिजवून कापलेले पान वाळले की तडकते आणि वाया जाते, आणि मजुरी हजार विड्यांवर मिळते. आजी गेली त्या आठवड्यातही आईचे सूप मांडीवरच होते.

उत्तर २ : निवृत्त ग्रंथपाल, जुळे सोलापूर

बाईंनी ‘डोळ्यांत पाणी नव्हते’ असे लिहिले आहे, आणि ते वाचताच मला ऑस्ट्रेलियातील लिंडी चेंबरलेन यांचे प्रकरण आठवले. ते थोडे सविस्तर सांगतो, कारण आईचा चेहरा पाहून निकाल दिला की काय होते, याचा एवढा पूर्ण दाखला मला दुसरा माहीत नाही.

१७ ऑगस्ट १९८० रोजी उलुरू या प्रचंड खडकाजवळच्या तळावर चेंबरलेन कुटुंब तंबूत उतरले होते. रात्री लिंडी यांची नऊ आठवड्यांची मुलगी अझारिया तंबूतून नाहीशी झाली, आणि डिंगो, म्हणजे तिकडचा रानकुत्रा, बाळाला घेऊन गेला असे लिंडी यांनी त्याच क्षणी ओरडून सांगितले. शेजारच्या तंबूजवळच्या एका बाईने बाळाचे रडणे ऐकले होते, माग काढण्यात तरबेज असलेल्या स्थानिक आदिवासींना काहीतरी ओझे नेणाऱ्या डिंगोच्या खुणा वाळूत दिसल्या होत्या, आणि १९८१ च्या फेब्रुवारीतील पहिल्या मृत्युचौकशीत लिंडी यांचे म्हणणे मान्यही झाले होते.

लोकांना मात्र ते मान्य झाले नाही. दूरदर्शनवर ही आई शांतपणे, सलग वाक्यांत बोलत होती, आणि तेच लोकांना खुपले. हे कुटुंब ज्या ख्रिस्ती पंथाचे होते त्याविषयी लोकांना फारसे माहीत नव्हते, म्हणून तिथे कसलेतरी अघोरी विधी चालतात अशी कुजबुज सुरू झाली. ‘अझारिया’ या नावाचा अर्थ ‘रानातला बळी’ असा आहे अशी अफवा पसरली. त्या नावाचा खरा अर्थ ‘देवाने साह्य केलेला’ असा आहे आणि तो कोणालाही कोशात पाहता आला असता, पण पाहतो कोण! पुढे तपास नव्याने उघडला गेला. गाडीत बाळाच्या रक्ताचा फवारा उडाला आहे असे तज्ज्ञांनी सांगितले, आणि २९ ऑक्टोबर १९८२ रोजी डार्विनच्या न्यायालयात लिंडी खुनाच्या आरोपाखाली दोषी ठरून त्यांना जन्मठेप झाली. त्या वेळी त्या गरोदर होत्या, आणि पुढची मुलगी त्यांना कैदेतच झाली.

बाळाच्या अंगात एक छोटे जाकीट होते असे लिंडी पहिल्यापासून सांगत होत्या. ते सापडत नव्हते, म्हणून तीही थाप ठरली होती. १९८६ च्या फेब्रुवारीत त्याच खडकावरून पडून मरण पावलेल्या एका प्रवाशाचा शोध चालू असताना, डिंगोंचा वावर असलेल्या जागी ते जाकीट सापडले आणि लिंडी यांची सुटका झाली. ज्याला रक्त म्हटले गेले ते गाडीचा आवाज कमी करण्यासाठी कारखान्यात फवारलेले रसायन होते, हेही सिद्ध झाले. १९८८ मध्ये शिक्षा रद्द झाली, आणि बाळाचा मृत्यू डिंगोमुळे झाला अशी अधिकृत नोंद व्हायला २०१२ साल उजाडले. तोपर्यंत ३२ वर्षे गेली होती.

पहिल्या रात्रीपासून ती बाई एकच गोष्ट सांगत होती. तिचे अश्रू मोजणाऱ्यांना तेवढे मात्र ऐकू आले नाही.

उत्तर ३ : सात रस्ता येथील एक वाचक

ग्रंथपाल सरांविषयी पूर्ण आदर ठेवून मी दुसरी बाजू मांडतो, कारण ‘आईवर शंका घेऊच नये’ असा अर्थ त्यांच्या उत्तरातून कोणी काढू नये असे मला वाटते.

२५ ऑक्टोबर १९९४ रोजी अमेरिकेतील साउथ कॅरोलायना राज्यातल्या युनियन या गावी सुझन स्मिथ या आईने सांगितले की एका कृष्णवर्णीय माणसाने बंदूक दाखवून तिची गाडी पळवली आणि गाडीत तीन वर्षांचा व चौदा महिन्यांचा अशी तिची दोन मुले होती. नऊ दिवस ती दूरदर्शनवर रडून मुलांची भीक मागत होती, आणि तिने वर्णन केलेल्या माणसाच्या शोधात निरपराध कृष्णवर्णीय पुरुषांवर संशयाच्या नजरा रोखल्या गेल्या. नवव्या दिवशी तिने कबूल केले की मुलांसह गाडी तिनेच तळ्यात सोडली होती. इंग्लंडमधील ड्यूसबरी येथे २००८ मध्ये नऊ वर्षांची शॅनन मॅथ्यूज २४ दिवस बेपत्ता होती. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी जिवाचे रान करून तिला शोधले आणि अखेर ती आईच्या जोडीदाराच्या नातेवाइकाच्या घरी पलंगाच्या पोकळीत लपवलेली सापडली. बक्षिसाच्या पैशासाठी आईच त्या कटात सामील होती.

तेव्हा आईबाप खोटे सांगतच नाहीत असे नाही. फक्त सुझन स्मिथचे खोटे कशामुळे उघडे पडत गेले तेही पाहावे. आपण लाल दिव्यापाशी थांबलो होतो आणि चौकात दुसरे एकही वाहन नव्हते, असे तिने सांगितले होते. त्या चौकातला दिवा मात्र आडव्या रस्त्यावर वाहन आल्याशिवाय लाल होतच नव्हता. रडण्यात ती कोठेच कमी पडली नव्हती. दिवा तपासल्यावर कमी पडली.

उत्तर ४ : वकील, सोलापूर

मी या प्रकरणाविषयी काही बोलणार नाही, कारण ते तपासाखाली आहे. बाईंनी विचारलेल्या दोन प्रश्नांपुरते लिहितो.

शंका घेणे हे तपास अधिकाऱ्याचे कामच आहे. मुलाला शेवटी पाहणारे बहुधा आईवडील असतात, त्यामुळे पहिले आणि सर्वांत बारीक प्रश्न त्यांनाच विचारले जातात. पोलीस घरी दोनदा येऊन गेले म्हणजे त्यांचा आईबापांवर संशय आहे असे शेजाऱ्यांनी समजू नये. मात्र कायद्याने क्रम ठरवून दिला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ च्या बचपन बचाओ आंदोलन खटल्यातील आदेशात सांगितले की मूल हरवल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवायचा आणि अपहरण किंवा मानवी व्यापार झाला असावा असे गृहीत धरून तपासाला लागायचे. म्हणजे आधी सांगणाऱ्यावर विश्वास ठेवून धावायचे, आणि धावता धावता प्रत्येक गोष्ट पडताळायची. चौकातले कॅमेरे, मोबाइलच्या नोंदी, रिक्षाचालकाचा जबाब, यांतून जे खरे असेल ते बाहेर येते. खोटी फिर्याद दिल्याचे निघालेच तर त्यासाठीही कायद्यात शिक्षा आहे. ते काम गल्लीने अंगावर घेऊ नये.

जबाबातील फरकाबद्दल पहिल्या उत्तरातील निरीक्षणाला मी जोड देतो. पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घेतली जात नाही. ऐकणाऱ्या अधिकाऱ्याने आपल्या मराठीत उतरवलेला तो मजकूर असतो. तेलुगूत आठवून, मोडक्या मराठीत सांगून, तिसऱ्याच्या हाताने लिहिले गेले की एखाद्या दिवसाचा फरक पडतो. उलट पाच वेळा विचारूनही शब्दन्‌शब्द तेच सांगणारा साक्षीदार आला की आम्ही वकील जास्त सावध होतो.

आता मुलाला विचारण्याबद्दल. कृपया विचारू नका. सात वर्षांचे मूल आपल्या आवडत्या बाईंना जे ऐकायचे आहे ते ओळखते आणि तसे बोलू लागते; नंतर त्याला आठवणारे कोणते आणि तुमच्या प्रश्नांतून आलेले कोणते, हे कोणालाच वेगळे करता येत नाही. ते आपण होऊन काही बोलले तर मध्ये न थांबवता ऐकावे, त्याच्याच शब्दांत तारीख-वेळेसह लिहून ठेवावे आणि तपास अधिकाऱ्याला कळवावे. पंधरा वर्षांखालील मुलाला जबाबासाठी पोलीस ठाण्यात बोलवायचे नसते, त्याच्या घरी जाऊनच विचारायचे असते, हेही आईवडिलांना सांगून ठेवावे.

फोटोचा विषय मात्र गंभीर आहे. मूल सापडलेले आहे. गुन्ह्याला बळी पडलेल्या बालकाचे नाव, पत्ता, शाळा किंवा छायाचित्र प्रसिद्ध करायला बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ ने बंदी आहे, आणि त्यात वृत्तपत्रांबरोबर संपर्काची इतर माध्यमेही येतात. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. हे गटाच्या चालकांना स्पष्ट शब्दांत कळवावे.

उत्तर ५ : मंगळवेढेकर

वरची उत्तरे वाचली. आमच्या तालुक्याची एक जखम आहे, ती इथे लिहिल्यावाचून राहवत नाही.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवडी बाजाराच्या दिवशी पाच माणसांना जमावाने मुले पळवणारी टोळी समजून ठेचून मारले. ती नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून पोट भरणारी माणसे होती आणि त्यांतले बहुतेक आमच्या मंगळवेढा तालुक्यातले होते. त्या दिवसांत ‘मुले पळवणारे फिरत आहेत’ असे संदेश मोबाइलवरून गावोगाव पोहोचले होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणांपेक्षा जास्त पुढे पाठवता येणार नाही अशी मर्यादा घातली, पण ज्यांची माणसे गेली त्यांना त्याचा काय उपयोग?

तुमच्या गटावर आज त्या आईवर चिखल उडतो आहे. उद्या कोणीतरी मोटारसायकलवाल्याचे वर्णन टाकेल, आणि परवा तसल्याच रंगाची गाडी घेऊन एखादा भांडी विकणारा किंवा बहुरूपी तुमच्या गल्लीत येईल. तेव्हा गटावर फोटोबरोबर मोटारसायकलचे वर्णनही थांबवा. ते पोलिसांकडे आहे, तिथेच राहू द्या.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. वकीलसाहेबांनी लिहिलेला कलम ७४ चा परिच्छेद मी मुख्याध्यापकांना दाखवला. त्यांनी शाळेच्या पत्रावर तो तीन गटांच्या चालकांना पाठवला, आणि काल रात्रीपर्यंत दोन गटांवरून फोटो काढला गेला. तिसऱ्या गटाचे चालक पूर्वी आमच्याच शाळेत होते. त्यांना आज संध्याकाळी प्रत्यक्ष भेटणार आहे. मंगळवेढेकरांचे म्हणणेही त्यांना सांगेन, कारण मोटारसायकलचा रंग त्यांच्याच गटावर लिहिला गेला आहे.

मुलाला मी काही विचारले नाही. चित्रकलेच्या तासाला त्याने मोटारसायकल काढली, तिच्यावर दोन माणसे काढली आणि वही माझ्यापुढे ठेवली. मी फक्त ‘छान काढलंस’ म्हटले, तारीख घातली आणि वही तपास अधिकाऱ्यांना दाखवायला वेगळी ठेवली आहे. माझ्या माहितीनुसार आईने एकच माणूस सांगितला आहे. मागचा माणूस म्हणजे मूल स्वतः असेल, हे मला समजते. गल्लीत मात्र यातले कोणाला काही सांगितलेले नाही.