मदत हवी आहे: अंशाची खूण, ₹ आणि ‘किनाऱ्या’तला ऱ्य लॅपटॉपवर कसा उमटवायचा?

खाडीकाठ
नमस्कार मंडळी. मालवणात एका मच्छीमार संस्थेचं लिखापढीचं काम बघते. ३१ जुलैला मासेमारी बंदी संपते, त्याआधी सभासदांसाठी माहितीपत्रक छापायचंय: जाळं अडकतं त्या खडकांच्या जागा, खोली वावात, बर्फ-डिझेलचे दर. वर्डमध्ये मराठी इनस्क्रिप्टवर (विंडोजमधल्या मराठी कीबोर्डवर) टाइप करते. विंडोज १० आहे. घोडं इथे अडलंय:

तांडेल (होडीचे प्रमुख) जीपीएसवरून जागा लिहून देतात, १६° ०२.५′ उ., ७३° २७.१′ पू. अशी. अंशासाठी आल्ट दाबून ०१७६ मारा, असं जो तो सांगतो. माझ्या लॅपटॉपला उजवीकडची आकड्यांची पट्टीच नाही, आणि वरच्या आकड्यांनी ढिम्म काही होत नाही. मिनिटाला साधं अवतरणचिन्ह द्यावं, तर वर्ड ते वाकडं करून ठेवतो.

४ च्या बटणावर ₹ छापलेलं आहे, पण उमटत नाही.

‘किनाऱ्यावर’ लिहायला गेलं की ‘किनार्यावर’ होतं. ‘वाऱ्याची’ही तीच गत.

शिवाय २½ वाव मधला अर्धाही हवाय. कॉपी-पेस्ट कर म्हणू नका, दर ओळीत चार-चार खुणा आहेत.

टंकनवेडा
ताई, आधी ऱ्य, कारण तो सोपा आहे. नेहमीचा र (जे) न घेता शिफ्ट धरून जे दाबा, ऱ येतो. मग डी (पाय मोडायला) आणि य. रेघेवरचा रफार हवा असेल तिथेच साधा र. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ दोन्ही शब्द आपल्याकडे आहेत, तेव्हा मशीनने आपोआप ओळखावं ही अपेक्षा सोडा. आणखी एक: काही टायपिंग साधनं हाच ऱ्य साधा र आणि एक अदृश्य जोडखूण वापरून बनवतात. कागदावर फरक दिसत नाही, पण फाइलमध्ये शब्द शोधताना एक प्रकार सापडतो नि दुसरा निसटतो. अनेकांनी मिळून टाइप केलेल्या फायलीत हे हमखास होतं.

₹ चं कारण बहुधा कीबोर्ड ‘यूएस’ असणं. बटणावर काय छापलंय ते विंडोज बघत नाही. भाषेच्या सेटिंगमध्ये ‘इंग्लिश (इंडिया)’ कीबोर्ड जोडा, मग उजवं आल्ट आणि ४.

बाकी खुणांना वर्डमध्ये आल्ट कोडची गरजच नाही. विंडोज आणि स्पेसबार दाबून कीबोर्ड इंग्रजी करा, खुणेचा युनिकोड क्रमांक टाइप करा आणि लगेच आल्ट-एक्स. अंशाला ००बी०, मिनिटाच्या तिरक्या खुणेला २०३२, अर्ध्याला ००बीडी, रुपयाला २०बी९ (बी, डी ही इंग्रजी अक्षरं). मेख एकच: आधीचे आकडे इंग्रजीत असतील तर वर्ड तेही क्रमांकात ओढू शकतो. म्हणून आधी फक्त ती चार अक्षरं सिलेक्ट करून मग आल्ट-एक्स.

एकदा खुणा तयार झाल्या की विंडोज-व्ही दाबून क्लिपबोर्डची यादी सुरू करा, मग त्या एकेक कॉपी करा आणि यादीत पिन करून ठेवा. मशीन बंद करून चालू केलं तरी राहतात. हेही कॉपी-पेस्टच म्हणा, पण शोधाशोध नाही.

रापणकर
बरां केलंस इचारलंस तां. पण अर्धो कित्याक टाइप करतंस गो बाय? सरळ ‘अडीच वाव’ लिव. आणि जागेचे आकडे इंग्रजीतच ठेव, मशीनवर तसेच दिसतत. होडीत बसान कोण ताडून बघतलो तेका सोपां जाता.

खाडीकाठ
शिफ्ट-जे जमलं! ₹ पण आलं. अंशाला सिलेक्ट करूनच आल्ट-एक्स दिलं, छान उमटतं. रापणकर काका, अडीच पटलं, आकडेही इंग्रजीत ठेवते. आता एकच: छापखान्याने नमुना पाठवला त्यात ₹ च्या जागी चौकोन आलाय. माझ्या फाइलमध्ये तर नीट दिसतं.

टंकनवेडा
त्यांचा फॉन्ट जुना असणार. ₹ हे चिन्ह सरकारने जुलै २०१० मध्ये स्वीकारलं आणि त्याच वर्षी ते युनिकोडमध्ये आलं. त्याआधीच्या फॉन्टमध्ये ते असणार कुठून? वर्डची फाइल देऊ नका, पीडीएफ करून द्या म्हणजे फॉन्ट आतच जातो. ‘आमच्या फॉन्टमध्ये पुन्हा टाइप करून देतो’ म्हणाले तर साफ नाही म्हणा. ₹ चुकला तर हसण्यावारी जाईल, मिनिटांतला एक आकडा बदलला तर कुणाचं तरी जाळं फाटेल. तरीही पहिलं प्रूफ हाती आलं की एखाद्या तांडेलाला बसवून जागा वाचून घ्या.

खाडीकाठ
पीडीएफ पाठवली. प्रूफ सोमवारी येतंय, वाचायला काकांनाच बोलावते.