अनुभव धागा: दुबई तीन तास, अन् गावापासून विमानतळ?

पराटीतली
काल वेचणीला होते. मान वर केली तर पांढरी रेघ ओढत विमान चाललेलं. सोबतची बाई म्हणाली, "कुठं जात असन वं हे?" अन् मला एकदम 2009 आठवलं, धाकटा भाऊ पहिल्यांदा दुबईला गेला ते. दारव्ह्याहून शकुंतला नावाच्या छोट्या रेल्वेनं मूर्तिजापूर, तिथून रात्रीच्या गाडीनं मुंबई. आईनं विचारलं, मुंबईहून किती लांब? तो म्हणाला, एकोणीसशे किलोमीटरच्या वर, पण तीन-सव्वातीन तासच. आई चिडली. यवतमाळ-मूर्तिजापूर 113 किलोमीटरला शकुंतला चार तासांच्या वर घ्यायची, तिला तोच हिशोब ठाऊक. तिला वाटलं, मी रडू नये म्हणून पोरगं खोटं बोलतंय. तीन दिवसांच्या दशम्या बांधल्या. फडक्याची गाठ इतकी घट्ट की भावानं विमानात दातानं सोडवली.
तुमच्याकडचं कोण गेलंय? लिहा न.

धुऱ्यावरचा
आमच्या बाबांनी तिकीट वाचलं. निघणं रात्री 10, पोचणं 11.40. म्हणे पावणेदोन तासांत दुबई! तिथलं घड्याळ दीड तास मागं, हे कोणालाच माहीत नव्हतं. येतानाच्या तिकिटावर तोच प्रवास साडेचार तासांचा दिसे. बाबांनी मग दुसरं घड्याळ आणून दीड तास मागं लावलं. अजून भिंतीवर आहे. त्यात पाहूनच दादाला फोन करतात.

संत्राबाग मोर्शी
येताना वेळ खरंच कमी लागतो बरं. हिवाळ्यात वर पश्चिमेचा वारा जोरात असतो, तो पाठीशी येतो. मी नागपूरहून थेट शारजाला गेलो होतो, साधारण 2450 किलोमीटर, चारेक तास. मुंबईची दगदग वाचली.

मायबाई
घाईत लिहिते, भाजी गॅसवर आहे. दुबईला सावजी मसाला पाठवत असाल तर खसखस घालू नका!! तिकडं खसखशीवर बंदी आहे, पोरगा कायद्याच्या कचाट्यात सापडेल. मी वाटण केलेलं अख्खं बाजूला ठेवून दुसरं केलं.

ओलीत
बाबा गेले तेव्हा मी तिकडं होतो. विमान तीन तासांचं. पण पासपोर्ट मालकाच्या कपाटात, तो हातात यायलाच दीड दिवस. मग मुंबई, मग नागपूर. गावची शेवटची एसटी निघून गेलेली. ओळखीच्या ट्रॅक्टरवर आलो. घराबाहेर मडक्याची खापरं पडली होती, अन् दारात काकाच्या डोक्यावर केस नव्हते. कोणी काही सांगायची गरजच नव्हती.

मायबाई
अरे बाप्पा. भाऊ, काय बोलावं.

धुऱ्यावरचा
ओलीत दादा, आता इकडंच आहात न?

ओलीत
हो, चार वर्षं झाली. तूर आहे, थोडा कापूस. पराटीतली ताई, तुमच्याकडं वेचणीला बाया मिळतात का? आमच्याकडं दुसऱ्या गावाहून ऑटोनं आणाव्या लागतात.

पराटीतली
आम्हीच घरच्या तिघी. दादा, तुमचं आईला वाचून दाखवलं. तिनं पदर डोळ्याला लावला, म्हणाली, त्याले जेवाले बोलाव.

संत्राबाग मोर्शी
ताई, ते विमान कोणत्या बाजूला जात होतं? मावळतीकडं असेल तर आखाताचंही असू शकतं.

पराटीतली
मावळतीकडंच. थांबा, आईला सांगते.