'हेअर इज' की 'हेअर आर'? मुलीचा सराव कसा घेऊ?

प्रश्न: मुलगी सहावीत, मराठी माध्यमात आहे. गणनीय-अगणनीय नामांची यादी पाठ आहे, पण वाक्यात चुकते. काल लिहिलं, 'माय हेअर्स आर लाँग'. खोडलं तर म्हणाली, "आई, केस मोजता येतात ना!" मला उत्तरच सुचलं नाही.

उत्तर १: ताई, तिचा तर्क खरा आहे. आपण तांदूळ निवडले, पोहे भिजवले असं अनेकवचनीच बोलतो. इंग्रजी त्याला ढीग मानते, म्हणून 'हेअर इज', 'राइस इज'. आमटीत एखादा केस निघाला तर मात्र 'अ हेअर'. मी वर्गात यादी सोडून डबे आणते. 'हाउ मच राइस?' 'टू कप्स ऑफ राइस.' 'हाउ मेनी अनियन्स?' मोजतो ती वाटी, तांदूळ नव्हे, हे हातानेच कळतं.

उत्तर २: 'सामान'पासून सुरुवात करा. 'दोन सामानं' आपणही म्हणत नाही, 'लगेज' तसंच. 'सल्ले' मात्र म्हणतो, म्हणून चुकून 'अ‍ॅडव्हाइसेस' लिहिलं जातं.

प्रश्नकर्ती: आज डबे काढले! ओट्सपाशी अडलो.

उत्तर १: 'ओट्स आर', पण 'व्हीट इज'. हे दोन पाठच करून घ्या.