लिखाण अडतं तेव्हा नेमकं कुठे अडतं? (अनुभव धागा)

आषाढ सरत आला की दिवाळी अंकांच्या संपादकांचे फोन सुरू होतात. 'काय मग, कथा झाली का?' आपण म्हणतो, 'झालीच आहे, एकदा हात फिरवायचाय.' प्रत्यक्षात फाइलमध्ये शीर्षकसुद्धा नसतं. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि मराठी लेखकाच्या मागे ही वार्षिक तारीख लागली ती लागलीच.

यंदा कथा सुचेना म्हणून न सुचण्याबद्दलच वाचत बसलो. 'रायटर्स ब्लॉक' हे नाव दिलं एडमंड बर्गलर या मनोविश्लेषकानं, १९४७ मध्ये. त्यानं लेखकाचं अडणं थेट तान्हेपणी, आईनं न दिलेल्या दुधापर्यंत नेऊन भिडवलं. पटत नाही, पण वाचायला मजा येते. मला जास्त आवडला डेनिस अपर. या मानसशास्त्रज्ञानं १९७४ साली एका प्रतिष्ठित संशोधनपत्रिकेत, स्वतःच्या ब्लॉकवर स्वतःच केलेल्या अयशस्वी उपचारांबद्दल निबंध छापला. वर शीर्षक, नाव, आणि खाली पान कोरं. परीक्षकानं गंभीरपणे अभिप्राय दिला की लिंबाचा रस आणि एक्स-रे लावून तपासलं, एकही दोष सापडला नाही!

माझं मत असं झालंय की या एका नावाखाली चार-पाच वेगवेगळी दुखणी नांदतात आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. म्हणून 'पहाटे उठा, फिरायला जा' छापाचे सल्ले कृपया नकोत. तुमचं कुठे अडलं आणि कशानं सुटलं (किंवा सुटलंच नाही) तेवढं सांगा. कथा, कविता, बातमी, प्रबंध, सोसायटीचं इतिवृत्त, काहीही चालेल.

पडद्यामागची

मी रोजच्या मालिकेचे संवाद लिहिते. आमच्याकडे अडायला सवडच नसते असं लोकांना वाटतं. अडतं की! आधी शूट करून ठेवलेल्या एपिसोडची बँक संपलेली असते आणि सेटवरून फोन येतो, 'ताई, सीन कधी येतोय? आर्टिस्ट मेकअप करून बसलेत.' अशा वेळी हात चालत नसेल तर घोळ बहुतेकदा संवादात नसतो, वनलाइनमध्ये (सीनमध्ये काय घडतं त्याची एक ओळ) असतो. वरून आलेलं असतं, 'सून दागिन्यांचा डबा सासूला परत करते.' पण का करते हे कुणी ठरवलेलंच नसतं. बाईला काय हवंय तेच माहीत नाही, तर ती बोलणार काय, कप्पाळ?

तोच सीन सांगते. सासू बोलली की भाषण व्हायचं, सून बोलली की रडगाणं. लिही, खोड, लिही, खोड. शेवटी दोघींना दिलं सोडून आणि स्वयंपाकघरात मेथी निवडत बसलेल्या कामवाल्या मावशींच्या बाजूनं लिहायला घेतलं. त्यांना दिसत काही नाही, नुसतं ऐकू येतंय. डबा टेबलावर ठेवल्याचा आवाज. मग बराच वेळ काहीच नाही. मग झाकण उघडल्याचा आवाज, आणि बांगड्यांची किणकिण, एकेक, सावकाश. मावशी मनात म्हणतात, 'मोजतायत.' झालं! सासू सुनेसमोर दागिने मोजून घेते, अवाक्षर न काढता. त्यानंतर सुनेनं काय बोलायचं ते मला शोधावं लागलं नाही. चॅनेलनं मावशींचा शॉट कापला, पण सीन राहिला.

आता अडलं की मी त्या खोलीतल्या सगळ्यात बिनमहत्त्वाच्या माणसाकडे जाते. दरवेळी जमतं असं नाही. वनलाइनच पोकळ असेल तर मावशी तरी काय ऐकणार?

रात्रपाळी

वर्तमानपत्राच्या डेस्कवर आयुष्य गेलं. नवीन पोरं इंट्रोपाशी, म्हणजे बातमीच्या सुरुवातीपाशी अडतात. पान सोडायची वेळ झालेली असते आणि हा पहिल्या ओळीशी झटतोय. मी नोकरीला लागलो तेव्हाच मला एका उपसंपादकांनी सांगितलं होतं: इंट्रो सोड, कोण-कुठे-किती एवढं लिहून काढ, मग वर जाऊन बघ. तुझा इंट्रो तिसऱ्या पॅऱ्यात बसलेला असतो. तो उचलायचा, वर लावायचा, वरचं सगळं उडवायचं. निवृत्तीपर्यंत पुरलं.

प्रबंधग्रस्त

रात्रपाळी काका, हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

सोलापूरच्या विडी कामगार बायकांवर माझं पीएचडीचं काम आहे. यूजीसीच्या नियमानं कमाल मुदत सहा वर्षं, त्यातली बरीचशी पहिल्या प्रकरणानं खाल्ली. पहिलं प्रकरण म्हणजे पूर्वसाहित्याचा आढावा. ते पुरं झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही, आणि तळटीप लागल्याशिवाय वाक्याखाली पूर्णविराम द्यायचा नाही, असे माझे मीच घातलेले कायदे. गाईड काही म्हणत नव्हते, बिचारे वाट बघत होते.

या दुखण्यावर माइक रोझ यांचा १९८० सालचा एक लेख आहे. त्यांनी कॅलिफोर्नियातले दहा विद्यार्थी घेतले, पाच लिहिताना अडणारे आणि पाच न अडणारे. फरक हुशारीत नव्हता, नियमांत होता. अडणाऱ्यांतल्या एकीचं ठरलेलं होतं की प्रत्येक वाक्य पहिल्या झटक्यात व्याकरणशुद्ध उतरलंच पाहिजे. न अडणाऱ्यांकडेही नियम होते, पण ते गरजेपुरते, नाही जमलं तर सोडून देण्याजोगे. वाचताना वाटलं, हा माणूस मला ओळखतो.

मग गाईडांच्या सांगण्यावरून मी थेट चौथ्या प्रकरणाला बसले, म्हणजे मुलाखतींना. समोर रेकॉर्डिंग होतं. एक बाई सांगत होत्या: तेंदूचं पान भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचं, मग पत्र्याचं माप वर धरून कात्रीनं कापायचं, तंबाखू भरून वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. मजुरी हजार विड्यांमागे. कारखान्यात माल तपासताना खराब म्हणून बाजूला पडतील त्या गेल्या. मी नुसतं उतरवत गेले. उतरवता उतरवता माझीच वाक्यं मध्ये येऊ लागली: 'इथे वेळ मोजला जात नाही, नग मोजला जातो' वगैरे. ते चौथं प्रकरण झालं आणि त्यातून कळलं की पहिल्या प्रकरणात कुणाला घ्यायचं नि कुणाला वगळायचं. निम्मा आढावा उडाला. त्या उडालेल्या भागावर माझं एक अख्खं वर्ष गेलं होतं, पण असो.

रोखठोक

ब्लॉक वगैरे सगळे लाड आहेत. अँथनी ट्रोलप टपाल खात्यात नोकरी करायचा, पहाटे घड्याळ समोर ठेवून दर पंधरा मिनिटांना अडीचशे शब्द लिहायचा, आणि मग कामावर जायचा. सुतार कधी म्हणतो का, आज रंधा सुचत नाही म्हणून?

पडद्यामागची

रोखठोक, ट्रोलपला टपाल खात्याचा पगार होता आणि पहाटे कॉफी आणून देणारा नोकर होता. मला दोन्ही द्या, मीही देते अडीचशे. 🙂

रात्रपाळी

शिवाय ट्रोलपनं हे गुपित आत्मचरित्रात फोडलं, ते त्याच्या पश्चात १८८३ मध्ये आलं. घड्याळ लावून कादंबऱ्या पाडणारा म्हणून समीक्षकांनी नाकं मुरडली. लिहिलं तरी पंचाईत.

कोरा मिसरा

गझलेत अडण्याचं एक वेगळंच कारण असतं: जमीनच (वृत्त, यमक आणि रदीफ यांचा साचा) चुकीची. मी एकदा 'राहून गेले' अशी रदीफ (शेराच्या शेवटी दरवेळी तेच येणारे शब्द) धरली. मतला, म्हणजे पहिला शेर, झकास झाला. पुढचे सगळे शेर आपोआप रडके व्हायला लागले, कारण रदीफच हुंदका देत होती. तीन शेरांनंतर ठप्प. वाटलं, आपण संपलो. संपलो नव्हतो, रदीफ संपली होती. बदलून छोटीशी 'आहे' घेतली, दोन शेर वाचले, बाकीचे गेले.

काफियांची (रदीफेआधीच्या यमकांची) यादी आधी करून ठेवणारे मित्र आहेत माझे. त्यांना सुचतं भरपूर. मला मात्र यादी समोर असली की शेर यादीसाठी लिहिला जातोय असं वाटतं. ज्याचं त्याला.

पांढरं सोनं

मी यवतमाळ जिल्ह्यात मास्तर आहो. कथा लिहाले बसलो की पहिलं वाक्य यायचं, 'सायंकाळची कातर वेळ होती.' त्याच्यापुढं गाडी हालेना. आमच्या गावात कातर वेळ कोणी म्हणत नाही राजेहो! पुस्तकातली मराठी वाचून वाचून डोक्यात ठाण मांडून बसली होती. त्या भाषेत मले काही सांगायचंच नव्हतं, तं सुचल कुठून?

एक दिवस बायकोले फोनवर तिच्या भावासंग बोलताना ऐकलं. 'बाबा कापूस मोजून आले अन् चूपचाप बसले. जेवले बी नाही.' मी म्हटलं, अरे, हेच तं पहिलं वाक्य आहे. तसंच्या तसं लिहिलं. मंग भाव किती भेटला, वजनातून कट्टी किती कापली, जिनिंगच्या कारखान्यावर बैलगाड्यांची लाइन केवढी, सारं भराभरा आलं. संपादकानं आधी प्रमाणभाषेत करून मागितली. मी म्हटलं, करा तुमी. त्यायनं करून पाह्यली अन् मंग आहे तशीच छापली.

सध्या बंद

माझं सुटलेलं नाही, तरी लिहिते. मी सदर लिहायचे. नवरा गेला आणि थांबलं. सगळे म्हणायचे, दुःखातूनच चांगलं लिखाण येतं, लिही, मोकळी होशील. येत नव्हतं. डायरी समोर ठेवली की तारीख लिहायचे आणि त्याच्या नसण्याचे दिवस मोजत बसायचे. मग डायरी कपाटात टाकली. आता किराण्याची यादी, नातवाच्या शाळेतल्या चिठ्ठ्या आणि सोसायटीचं इतिवृत्त लिहिते (तुम्ही म्हणालात म्हणून सांगितलं). इतिवृत्तात मागच्या महिन्यात पाण्याच्या टाकीवरून झालेलं भांडण जरा रंगवून लिहिलं गेलं. सेक्रेटरींनी दोन वाक्यं काढायला लावली. त्या दोन वाक्यांचा मला राग आला, हे मात्र बऱ्याच दिवसांनी झालं.

ओपीडी

ताई, तुमचं इतिवृत्त वाचायला आवडेल, काढलेल्या वाक्यांसकट.

मी डॉक्टर आहे, म्हणून एक जोडतो. फक्त लिखाण अडलेलं असतं तेव्हा बाकीचं आयुष्य चालू असतं, माणूस मॅच बघतो, मिसळ खातो. पण वाचनातही मन लागत नाही, झोप-भूक बिघडली आहे, कशातच रस नाही, असं दोन आठवड्यांहून जास्त सलग चाललं असेल तर ते नुसतं लिखाणाचं अडणं समजू नका. डॉक्टरांना भेटा. जाणं जड वाटत असेल तर सरकारची टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. माझ्याकडे एक कवी 'लिहिण्यासाठी गोळी द्या' म्हणून आले होते. तपासल्यावर कळलं, ते कित्येक दिवस दोन तासांहून जास्त झोपलेच नव्हते. झोप आली. कवितेचं मला माहीत नाही, ते नंतर आले नाहीत.

डॅलसचा बंड्या

इथल्या मंडळाच्या एकांकिका लिहितो. माझं अडणं कानाचं आहे. दिवसभर इंग्रजी ऐकून रात्री मराठी संवाद लिहायला घेतले की सगळी पात्रं बातम्या दिल्यासारखी बोलतात. म्हणून आता टाइपच करत नाही. ऑफिसला जाताना गाडीत फोनला मोठ्यानं सांगतो, गूगलचं मराठी बोलून टाइप करणं २०१७ पासून आहे. तोंडानं बोललं की खोटं वाक्य लगेच अडखळतं. एक तोटा: फोननं माझ्या 'आत्या'चं प्रत्येक ठिकाणी 'हत्या' केलं. 'हत्या आली, हत्या चहा पिऊन गेली.' कौटुंबिक विनोदी एकांकिका होती हो! घरातले वाचून एवढे हसले की खरोखरच तिला एका खुनाची साक्षीदार केलं.

रोखठोक

बरं, लाड म्हणालो ते थोडं मागे घेतो. सुतारालाही लाकूड बघावंच लागतं.

तिसरी घंटा

पुरुषोत्तम करंडकासाठी कॉलेजच्या पोरांना एकांकिका लिहून देत होतो. तालमी सुरू आणि संहितेला शेवट नाही. दोन भाऊ, गावाकडचं घर विकायचं की नाही, सह्या करायच्या आहेत. माझ्या मनात थोरला सही करतो असं होतं, पण तसा लिहिला की शेवट मेलेला वाटायचा. घरी बसून काही होईना, म्हणून पोरांना म्हटलं, इथपर्यंत करा आणि थांबू नका, जे होईल ते होऊ द्या. धाकट्याचं काम करणाऱ्या पोरानं पेन थोरल्यापुढे धरलं. थोरल्यानं घेतलं नाही. तो उठला आणि भिंतीवरच्या वीजमीटरचं रीडिंग मोठ्यानं वाचायला लागला. धाकटा ते कागदावर लिहून घेऊ लागला. दोघंही रडतायत आणि आकडे चाललेत. घर विकायचं ठरलं हे न बोलता कळलं.

मी तिथेच उतरवून घेतलं. माझ्याकडून तो मीटर कधीच आला नसता, कारण मी घरी बसून 'शेवट' शोधत होतो आणि त्या पोराला फक्त हाताला काहीतरी काम हवं होतं. आता संहितेवर लेखक म्हणून माझं एकट्याचं नाव ठेवायचं की त्याचंही घालायचं, यावरून सध्या ग्रुपवर भांडण चालू आहे. तो नको म्हणतोय, बाकीचे हवं म्हणतायत. इथल्या जाणकारांनी सांगा, अशा वेळी काय करतात?